लॅपटॉप-दुरुस्तीची मार्गदर्शिका : लिहावी कशी, कोणासाठी?

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात बदनावर हे तालुक्याचे गाव आहे. इंदूर तेथून सुमारे शंभर किलोमीटर. रतलाम त्याहून जवळ. अशा गावात परीक्षेच्या तोंडावर एखाद्या विद्यार्थ्याचा लॅपटॉप बंद पडला, तर शहरात जाण्यायेण्याचा एक दिवस, गाडीभाडे आणि यंत्र दुकानात ठेवावे लागल्यास पुन्हा एक फेरी, एवढा खर्च दुरुस्तीआधीच होतो. काणकोण किंवा सत्तरीतील वाचकालाही हा अनुभव परका नसेल. पुष्कळदा दोष लहान असतो : पंख्यात साचलेली धूळ, आयुष्य संपलेली बॅटरी, सैल झालेली रॅमची पट्टी. सुटा भाग घरपोच मागवता येतो. तो कसा बसवावा हे सांगणारे, आपल्या भाषेतील पान मात्र हाती नसते. ते पान म्हणजेच दुरुस्तीची मार्गदर्शिका.

चळवळीची सुरुवात

2003 मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्निया पॉलिटेक्निक विद्यापीठात शिकणारे काइल वीन्स यांना आपला बिघडलेला आयबुक संगणक उघडायचा होता. ॲपलची दुरुस्ती-पुस्तिका सामान्य ग्राहकाला मिळत नव्हती. त्यांनी आणि ल्यूक सूल्स यांनी चाचपडत काम केले, आणि पुढे 'आयफिक्सइट' हा उपक्रम उभा राहिला. तेथील मार्गदर्शिका कोणालाही लिहिता येतात, इतरांना त्या सुधारता येतात आणि वाचण्यास मूल्य पडत नाही. मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली असल्याने श्रेय देऊन, व्यापारी हेतूविना आणि त्याच अटींवर त्याचा अनुवादही करता येतो. मराठी लेखकाला ही वाट मोकळी आहे.

दुसरे उदाहरण सावधगिरीचे आहे. ऑस्ट्रेलियातील टिम हिक्स हे निरनिराळ्या कंपन्यांच्या लॅपटॉप-पुस्तिका जमवून सर्वांसाठी मोफत उपलब्ध करून देत. 2012 मध्ये तोशिबाने कॉपीराइटचा आधार घेऊन आपल्या पुस्तिका काढून टाकण्यास सांगितले आणि त्या काढाव्या लागल्या. यातून लेखकाने घ्यायचा बोध सरळ आहे. कंपनीची पुस्तिका उतरवून काढू नये. यंत्र स्वतः उघडावे, छायाचित्रे स्वतः काढावीत आणि कृती स्वतःच्या शब्दांत लिहावी. स्क्रू कोठे आहे ही माहिती कोणाच्या मालकीची नसते; ती सांगणारा मजकूर व चित्रे यांची मालकी असते. डेल, एचपी आणि लेनोव्हो या कंपन्या अनेक लॅपटॉपच्या दुरुस्ती-पुस्तिका स्वतःच खुल्या ठेवतात. त्या ताडून पाहण्यास उपयोगी पडतात.

भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याविषयीचे पोर्टल सुरू झाले. कंपन्यांची पुस्तिका, हमीच्या अटी आणि सेवाकेंद्रे यांची माहिती ग्राहकाला एका जागी मिळावी, हा त्यामागील हेतू. हक्क कागदावर आला, तरी त्याचा वापर करायला समजणारी भाषा लागते.

मराठीतील जुना वारसा

यंत्राचा उपयोग करणाऱ्याशी मराठीत बोलण्याची परंपरा आपल्याकडे आहे. लोखंडी नांगर घडवणाऱ्या किर्लोस्करांच्या कारखान्यातून 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक निघाले. शंकरराव किर्लोस्करांनी सुरू केलेल्या या पत्राचा आरंभीचा हेतू कारखाना आणि त्याची अवजारे यांची माहिती ग्राहकांपर्यंत नेण्याचा होता. वाङ्मयीन मासिक म्हणून त्याची ख्याती पुढची. शिवाय मराठीचा वाचक महाराष्ट्र-गोव्यात संपत नाही. पवारांच्या धार आणि देवास संस्थानांमुळे माळव्यात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. माळव्यात लिहिलेले पान गोव्यात आणि गोव्यातले माळव्यात कामी येऊ शकते.

चांगल्या मार्गदर्शिकेची अंगे

पहिले अंग यंत्राची नेमकी ओळख. लॅपटॉपचे व्यापारी नाव पुरेसे नसते. एकाच नावाखाली एका वर्षी रॅम बदलता येते, तर पुढच्या वर्षी ती मदरबोर्डलाच डाग देऊन जोडलेली असते. म्हणून तळाशी छापलेला पूर्ण मॉडेल क्रमांक शीर्षकातच द्यावा.

दुसरे अंग सुरक्षितता, आणि ती पहिल्या पायरीपूर्वी सांगावी. यंत्र पूर्ण बंद करावे. केवळ झाकण मिटल्याने ते झोपेच्या अवस्थेत राहते. चार्जर काढावा, हातातील स्थिर वीज उतरवण्यासाठी आधी जमिनीशी जोडलेल्या धातूला स्पर्श करावा. तळझाकण निघताच सर्वप्रथम बॅटरीची जोडणी सोडवावी, मगच अन्य भागांना हात लावावा. फुगलेली बॅटरी वाकवू, दाबू किंवा टोचू नये. लिथियम बॅटरी भोसकली गेल्यास पेट घेते. येथे लेखकाने 'हे काम कारागिराकडे न्यावे' असे निःसंकोच लिहावे.

तिसरे अंग साधने. फुली-स्क्रूचा पेचकस लहान-मोठ्या मापांचा असतो. '0' की '00' हे लिहावे. मॅकबुकच्या तळाला पाच पाकळ्यांचा स्क्रू असतो, त्याला साधा पेचकस चालत नाही. झाकण उचकटण्यास धातूऐवजी प्लॅस्टिकची पातळ पट्टी सुचवावी.

चौथे अंग पायऱ्या. एका पायरीत एकच कृती आणि तिचे छायाचित्र असावे. स्क्रूंची संख्या व लांबी अवश्य नोंदवावी. आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू पिळला की तो आतील भागात घुसतो आणि दुरुस्तीतूनच नवा बिघाड होतो. चपट्या पट्टीच्या केबलला बहुधा बारीक खिटी असते. ती उचलल्यावरच केबल ओढावी, हे वाक्य गाळले तर वाचकाच्या हाती तुटलेली खिटी येते. अनुभवी हाताला जे सांगावेसे वाटत नाही, तेच नवख्याला अडते. उलट जोडणी 'याच्या विरुद्ध क्रमाने' एवढ्यावर संपवू नये. उष्णताशोषक काढला असेल तर जुना थर्मल पेस्ट पुसून नवा लावण्याची पायरी स्वतंत्र लिहावी.

स्थळ आणि हवामान

परदेशी मार्गदर्शिकेत आपले हवामान नसते. माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात बारीक धूळ पंख्याच्या जाळीत बसते, यंत्र तापते आणि अचानक बंद पडते. गोव्यात पावसाळी दमट हवा आणि किनाऱ्याकडचे खारे वारे यांमुळे जोडणीची टोके गंजतात. पहिल्या ठिकाणी जाळीची सफाई, तर दुसऱ्या ठिकाणी टोके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे हा आधी करून पाहण्याजोगा उपाय ठरतो. असा तपशील तेथेच राहणारा लेखक देऊ शकतो.

भाषेचे पथ्यही येथूनच ठरते. रॅम, मदरबोर्ड, चार्जर हे शब्द दुकानात बोलले जातात, ते तसेच ठेवावेत. त्यांना कृत्रिम पर्याय शोधू नयेत. बिजागरी, खिटी, पेचकस हे आपले शब्द आहेत, ते वापरावेत.

जबाबदारी

मार्गदर्शिका प्रसिद्ध करण्यापूर्वी ती अशा व्यक्तीच्या हाती द्यावी, जिने लॅपटॉप कधी उघडलेला नाही. शक्यतो निकामी यंत्रावर तिला काम करू द्यावे आणि आपण गप्प बसावे. ती जेथे थबकेल, तेथे एक वाक्य कमी आहे असे समजावे. काम करताना आपल्याकडून झालेली चूकही लिहावी, कारण वाचकाची चूक बहुधा तीच असणार. हमीची मुदत बाकी असल्यास आधी अटी वाचाव्यात, आणि दुरुस्तीपूर्वी शक्य तेथे माहितीची प्रत काढावी, या सूचनाही सुरुवातीलाच हव्यात.

पान वाचणाऱ्याच्या समोर बहुधा घरातील एकमेव लॅपटॉप उघडा पडलेला असतो आणि शेजारी विचारायला कोणी नसते. त्याला खात्री नसलेली एकही पायरी सांगू नये. जेथपर्यंत आपण स्वतः केले आहे, तेथपर्यंतच लिहावे आणि पुढचे ज्याला येते त्याच्यासाठी जागा मोकळी ठेवावी.