थांबून सुरू होणारी वीज : मनवेलपाड्याच्या निमित्ताने

विरार स्थानकाच्या पूर्वेस असलेल्या मनवेलपाड्यासारख्या उपनगरी वस्तीचा इतिहास सामान्यतः रेल्वे, जमीन आणि पाणी यांच्या अंगाने लिहिला जातो. परंतु विजेवर चालणारी साधने घरोघर पोहोचल्यानंतर, वीज येताच यंत्राने तत्काळ न चालता ठरलेला काळ थांबावे आणि मग सुरू व्हावे, यासाठी जी योजना करावी लागली, तीही या इतिहासाचा भाग आहे. या योजनेला तंत्रज्ञ ‘डिले टायमर’ म्हणतात. मूठभर सुट्या भागांचे हे सर्किट हेतुपूर्वक विलंब घडवून आणते आणि त्यातच त्याचे सारे मोल आहे.

ठरावीक विलंब मोजण्याची गरज विजेच्या कितीतरी आधीची. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची अर्धगोल वाटी पाण्याने भरलेल्या घंगाळात सोडायची आणि ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे, झाली असे मानायचे, ही रीत सूर्यसिद्धान्तात वर्णिलेली असून मराठी लग्नघरांत मुहूर्त साधण्यासाठी मांडल्या जाणाऱ्या घटिकापात्रामुळे ती दीर्घकाळ परिचित राहिली. वाटीला बुडायला किती वेळ लागेल हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरे : छिद्राची रुंदी आणि वाटीची सामावणूक. भास्कराचार्यांची कन्या लीलावती हिच्या लग्नात छिद्रात मोती अडकल्याने मुहूर्त टळला, ही आख्यायिका फैजीने १५८७ मध्ये केलेल्या, त्यांच्या ‘लीलावती’ याच नावाच्या गणितग्रंथाच्या फारसी भाषांतरात येते. तिचे ऐतिहासिक प्रामाण्य संशयास्पद असले, तरी विलंब मोजणारे साधन नेमके कोठे दगा देते, याची तिच्यातली जाण अगदी पक्की आहे.

विरार ते बॅकबे ही गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी सुरू झाली, १९३६ मध्ये विजेवरील लोकल विरारपर्यंत आली, १९९० मध्ये सिडकोकडे या परिसराचे नियोजन सोपवले गेले आणि २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. पाडे, वाड्या आणि भातखाचरे यांच्या जागी इमारती उभ्या राहण्याचा काळ मुख्यतः या शेवटच्या दोन टप्प्यांचा आहे. इमारतीबरोबर जमिनीखालची आणि गच्चीवरची अशा दोन टाक्या, त्यांच्यामधला पंप आणि घरोघरचा फ्रिज आला. मात्र वीज सारखी नव्हती. जून २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आली, त्यानंतरच्या काही वर्षांत मुंबई शहर भारनियमनापासून बहुतांशी मुक्त होते, पण महावितरणच्या क्षेत्रातील वसई-विरारला ते सोसावे लागले. एकाच लोकलने रोज जोडलेल्या दोन ठिकाणांमधली ही तफावत उपनगराच्या इतिहासात ठळकपणे नोंदवली जायला हवी.

फ्रिजच्या दृष्टीने वीज जाण्यापेक्षा ती लगेच परत येणे अधिक घातक असते. काँप्रेसर बंद पडल्यावर त्याच्या दोन्ही बाजूंच्या वायूचा दाब समान होण्यास काही मिनिटे लागतात. त्याआधी वीज मिळाली, तर मोटार फिरू शकत नाही, नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते आणि तिचे वाइंडिंग तापते. म्हणून फ्रिजला जोडल्या जाणाऱ्या स्टॅबिलायझरमध्ये सुमारे तीन मिनिटांचा विलंब ठेवण्याची पद्धत रुळली.

अशा सर्किटचे सुटे भाग ग्रँट रोड स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावरील लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. भडकमकर मार्गावर, मिळत, आणि विरारकडील दुरुस्ती-कारागिराला तो बाजार थेट लोकलच्या मार्गावरच होता. तिथल्या मालात ‘५५५’ या आठ पायांच्या चिपला मानाचे स्थान होते. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या हान्स कामेनझिंड यांनी अमेरिकेतील सिग्नेटिक्स कंपनीसाठी ती १९७१ मध्ये आखली आणि १९७२ मध्ये ती बाजारात आली. त्यापूर्वी हेच काम तापून वाकणाऱ्या द्विधातू पट्टीकडून किंवा हवेच्या भात्यावर चालणाऱ्या टायमरकडून करून घ्यावे लागे.

तीन मिनिटांचे सर्किट असे बांधता येते. चिपचे दुसरे आणि सहावे पाय एकत्र जोडायचे, त्या सांध्यापासून धन बाजूकडे २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ऋण बाजूकडे ८२० किलोओहमचा रेझिस्टर लावायचा. कपॅसिटर विद्युतभार साठवतो आणि रेझिस्टर प्रवाहाला अडवतो, त्यामुळे घटिकापात्रातली वाटी आणि छिद्र यांचीच जोडी येथे नव्या रूपात उभी राहते. १२ व्होल्टची वीज येताच सांधा १२ व्होल्टवर असतो. पुढे हळूहळू उतरत तो एक-तृतीयांशावर, म्हणजे ४ व्होल्टवर, आला की चिपच्या तिसऱ्या पायावर वीज येते आणि त्यावर चालणारा रिले, म्हणजे विजेनेच ओढला जाणारा स्विच, फ्रिजला वीज देतो. हा काळ रेझिस्टर आणि कपॅसिटर यांच्या गुणाकाराच्या १.१ पट, येथे सुमारे १९८ सेकंद, भरतो. वीज जाताच कपॅसिटर झटपट रिकामा व्हावा म्हणून रेझिस्टरला समांतर एक डायोड उलटा जोडणे अगत्याचे असते, कारण वीज क्षणभर जाऊन परतली आणि कपॅसिटरची स्थिती पूर्ववत झालेली नसली, तर पुढचा विलंब अपुरा पडतो. वीज वारंवार लपंडाव खेळते अशा भागात स्वस्तातला हा डायोडच फ्रिज वाचवतो.

या रचनेत एक उणीव आहे. शेवटी शेवटी रेझिस्टरमधून जेमतेम ५ मायक्रोॲम्पियर प्रवाह वाहतो, आणि मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची स्वतःची गळतीही तेवढी असू शकते. तसे झाले की सांधा ४ व्होल्टपर्यंत कधीच उतरत नाही आणि फ्रिज सुरूच होत नाही. लीलावतीचा मोती येथे पुन्हा भेटतो, आणि दर्जाहीन भागांनी बांधलेल्या स्टॅबिलायझरमध्ये तो हमखास भेटतो. यावरचा उपाय ‘४०६०’ या चिपने दिला. तिला जोडलेला १०० किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा, जवळजवळ न गळणारा, छोटा कपॅसिटर सुमारे २२ मिलिसेकंदांचा एकेक ठोका देतात, आणि असे ८,१९२ ठोके मोजून झाले की १८० सेकंद भरतात. संथपणे निचरा होऊ देण्याऐवजी जलद ठोके मोजण्याचा हा बदल मूलगामी होता.

पुढे हेच मोजणे मायक्रोकंट्रोलरकडे, म्हणजे आज्ञावलीनुसार चालणाऱ्या चिपकडे, गेले. वसई पूर्वेच्या वालीव-सातिवली भागातील कारखान्यांच्या गाळ्यांत मोठी मोटार आधी स्टार जोडणीवर चालवून काही सेकंदांनी डेल्टावर नेणारा टायमर अजूनही पॅनेलमध्ये वेगळा दिसतो, कारण तो सुटा काढून बदलता येतो. घरातल्या नव्या फ्रिजमध्ये मात्र विलंबाचे काम मुख्य बोर्डवरील आज्ञावलीतच सामावलेले असते आणि बिघाड झाल्यास बहुधा पूर्ण बोर्डच बदलला जातो.