दयेकडून हक्काकडे : विशेष गरजा असलेली मुले, कायदा आणि आपल्या शाळा

भारतातील मूकबधिर मुलांची पहिली शाळा १८८० च्या दशकात मुंबईत निघाली. ती काढली मुंबईचे तत्कालीन कॅथलिक बिशप, येशूसंघीय लिओ म्यूरिन यांनी. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १८८७ मध्ये, ॲनी शार्प या मिशनरी बाईंनी अमृतसरला अंध मुलांची शाळा सुरू केली आणि १९०० मध्ये ॲना मिलार्ड या अमेरिकन मिशनरी बाईंनी मुंबईत तसेच कार्य आरंभिले. आपल्या देशात अपंग मुलांच्या शिक्षणाचा पाया असा सेवाभावाने घातला गेला, याचा आपल्याला सार्थ अभिमान वाटतो. तथापि या अभिमानाबरोबर एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. त्या काळी अशा मुलाला शाळेत घ्यावे की घेऊ नये, हे सर्वस्वी घेणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून होते. दार उघडले तर ते उपकार, आणि न उघडले तर त्याची दाद कोठेही मागता येत नसे. गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास हा या उपकाराचे हक्कात रूपांतर होण्याचा इतिहास आहे.

घटनेने दिलेले वचन

१९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या ४५ व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण दहा वर्षांच्या आत देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे सांगितले. ‘सर्व मुले’ या शब्दांत आंधळे, बहिरे, मतिमंद मूलही आलेच होते. परंतु हे तत्त्व मार्गदर्शक होते, न्यायालयातून अमलात आणता येण्याजोगे नव्हते. १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने अपंग मुलांना शक्य तेथे सर्वसाधारण शाळेतच शिकवावे, अशी शिफारस केली. १९७४ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी एकात्म शिक्षणाची योजना आखली. पण योजना ही योजनाच असते. तिच्यात अनुदान असते, त्याच्या मर्यादा असतात. मुलाच्या हाती मात्र काहीच नसते.

बदल घडला तो १९९० नंतरच्या दशकात. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क असल्याचे म्हटले. १९९४ मध्ये स्पेनमधील सालामांका येथे ९२ देशांच्या सरकारांचे प्रतिनिधी जमले आणि सर्व मुलांना सामावून घेणारी सामान्य शाळा हाच खरा मार्ग, असे त्यांनी घोषित केले. पाठोपाठ १९९५ मध्ये आपल्या संसदेने अपंग व्यक्तींविषयीचा कायदा संमत केला. त्याच्या २६ व्या कलमाने अपंग मुलाला वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत योग्य वातावरणात मोफत शिक्षण मिळेल, याची जबाबदारी शासनावर टाकली.

या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे मोजली होती. जे मूल दिसायला धडधाकट, बोलायला चुणचुणीत, पण ज्याला अक्षरांची अदलाबदल होते, वाचताना ओळ सुटते, आकडे उलटे लिहिले जातात, ते या सातांत कोठेच बसत नव्हते. घरी ते आळशी ठरे आणि वर्गात ‘ढ’. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन मुंबईत १९९६ मध्ये स्थापन झाली ती याच मुलांसाठी. कायद्याच्या यादीत या मुलांना जागा मिळायला पुढे वीस वर्षे लागली.

शिक्षणहक्क आणि अल्पसंख्याकांच्या शाळा

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयोगटासाठी शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि त्यानुसार २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. २०१२ च्या दुरुस्तीने अपंग मुलांचा समावेश ‘वंचित गटा’त करण्यात आला. विनाअनुदानित खाजगी शाळांनी ज्या २५ टक्के जागा राखायच्या, त्यांवर या मुलांचाही दावा निर्माण झाला. तीव्र वा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्यायही याच दुरुस्तीने दिला. हा पर्याय मुलाच्या सोयीसाठी आहे. शाळेने आपले ओझे टाळण्यासाठी तो पालकांच्या गळी उतरवू नये.

येथे आपल्या शाळांचा प्रश्न आला. घटनेचा ३० वा अनुच्छेद अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा अधिकार देतो. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना आणि ६ मे २०१४ रोजी, प्रमती ट्रस्टच्या खटल्यात, पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने अनुदानित अल्पसंख्याक शाळांनाही या कायद्यातून वगळले. प्रवेशाचा चौथा हिस्सा शासन ठरवू लागले तर संस्थेचे अल्पसंख्याक स्वरूप टिकणार नाही, ही त्यामागील चिंता रास्तच होती. मात्र सूट मिळाली ती केवळ २५ टक्क्यांपुरती नव्हे, संबंध कायद्यापासून. शिक्षक-विद्यार्थी प्रमाण, शारीरिक शिक्षेवरील बंदी यांसारख्या तरतुदींचेही बंधन त्यामुळे उरले नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी या निकालाबद्दल शंका व्यक्त केली आणि मोठ्या पीठाने त्याचा फेरविचार करावा म्हणून प्रकरण सरन्यायाधीशांपुढे ठेवले. तो खटला महाराष्ट्रातूनच गेलेला होता.

ज्या कायद्यात सूट नाही

या वादाच्या गदारोळात एका दुसऱ्या कायद्याकडे आपले दुर्लक्ष होण्याचा संभव आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली. त्याला अनुसरून झालेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याने सातांची यादी एकवीसवर नेली. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांना तिच्यात स्थान मिळाले. ज्यांचे अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक आहे अशा सहा ते अठरा वयाच्या मुलांना जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, आपल्या पसंतीनुसार, मोफत शिकण्याचा हक्क ३१ व्या कलमाने दिला.

त्याचे १६ वे कलम आपण सर्वांनी नीट वाचण्याजोगे आहे. शासनाचे अनुदान किंवा शासनाची मान्यता असलेल्या शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा, इमारत व सोयी मुलाला वापरता येतील अशा कराव्यात, त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी फेरबदल करावेत आणि अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून त्यावर उपाय योजावेत, असे ते सांगते. या कलमात अल्पसंख्याक संस्थांसाठी वेगळी सूट लिहिलेली नाही. आपल्या बहुतेक शाळा मान्यताप्राप्त आहेत, हे येथे सांगावयास नको.

शिक्षकांवाचून मात्र हे सारे कागदावरच राहते. २८ ऑक्टोबर २०२१ रोजी रजनीश कुमार पांडे यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने अशा मुलांमागे किती विशेष शिक्षक असावेत, याचे प्रमाण ठरवून जाहीर करण्यास केंद्र सरकारला सांगितले. २०२५ च्या मार्चमध्ये त्याच न्यायालयाला राज्यांना पदे जाहीर करण्याचा पुन्हा आदेश द्यावा लागला. कायदा आणि वर्ग यांमधले अंतर किती आहे, ते यावरून कळून येते.

धर्मग्रामातील एकेका शाळेला स्वतंत्र विशेष शिक्षक परवडणे कठीण, हे मान्य केले पाहिजे. परंतु शेजारच्या तीन-चार शाळांना मिळून एक शिक्षक नेमता येईल. पायऱ्यांशेजारी उतार बांधणे, चाकाच्या खुर्चीतील मुलाचा वर्ग तळमजल्यावर भरविणे, एखाद्या मुलाला परीक्षेत जादा वेळ मिळावा म्हणून त्याच्या पालकांना प्रमाणपत्राची वाट दाखविणे, यांसाठी मोठ्या निधीची गरज नाही. पालकांनीही मुलाची अडचण लपवू नये. लाजेपोटी गमावलेली वर्षे परत मिळत नाहीत.

अनुच्छेद ३० हे बहुसंख्येच्या दडपणापासून आपले रक्षण करणारे कवच आहे आणि ते जपलेच पाहिजे. पण ते कवच शासनाच्या हस्तक्षेपाविरुद्ध आहे. दारात उभ्या असलेल्या मुलाविरुद्ध नाही. मोठ्या पीठाचा निर्णय काहीही लागो, या मुलाला आत घेण्यापासून ३० वा अनुच्छेद आपल्याला अडवीत नाही. जे कार्य आपल्या पूर्वसूरींनी कोणताही कायदा नसताना सुरू केले, ते कायदा असताना आपण टाळले, अशी नोंद इतिहासात होऊ नये.