ख्रिस्ती घटस्फोटाचा कायदा आणि आमची दोन न्यायपीठे

काही वर्षांपूर्वी कोपर येथील एक भगिनी आमच्या कार्यालयात आल्या. त्यांच्या हाती ख्रिस्तसभेच्या न्यायपीठाचा निर्णय होता: त्यांचा विवाह मुळातच अवैध होता. आता दुसऱ्या विवाहाची तारीख मिळावी, एवढीच त्यांची विनंती. दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा कोठे आहे, असे आम्ही विचारताच त्या गोंधळल्या. ‘‘फादर, चर्चने मोकळे केले, मग कोर्ट कशाला?’’ नात्यातल्या वडीलधाऱ्यांनी त्यांना तसेच सांगितले होते. दोष केवळ त्यांचा नाही. विवाहपूर्व तयारीच्या वर्गात हा विषय अशुभ मानून आम्ही धर्मगुरूही तो टाळत आलो आहोत.

या गोंधळाला जुना इतिहास आहे. पोर्तुगीज अमलात, म्हणजे १५३४ पासून १७३९ पर्यंत, वसई-ठाण्याच्या ख्रिस्ती लोकांचे विवाहविषयक तंटे ख्रिस्तसभाच सोडवीत असे. ट्रेंटच्या विश्वपरिषदेने १५६३ मध्ये धर्मगुरू व दोन साक्षीदार यांच्यासमक्ष विवाह होणे आवश्यक ठरविले होते. घटस्फोट हा शब्दच त्या व्यवस्थेत नव्हता. इंग्रजांनी मात्र १८६९ साली भारतीय घटस्फोट अधिनियम केला आणि आपल्या देशातील १८५७ च्या कायद्याचा साचा येथील ख्रिस्ती लोकांना लावला.

तो साचा स्त्रियांसाठी फार कठोर होता. पत्नीचा व्यभिचार सिद्ध झाला की पतीला घटस्फोट मिळे. पत्नीला मात्र पतीचा केवळ व्यभिचार सिद्ध करून भागत नसे. त्यासोबत क्रूरता, किंवा दोन वर्षांचा परित्याग, अथवा तशाच प्रकारचे आणखी काही सिद्ध करावे लागे. नुसती मारहाण, मग ती कितीही वर्षांची असो, घटस्फोटास पुरेशी नव्हती. परस्परसंमतीची वाट तर नव्हतीच. शांतपणे वेगळे होऊ पाहणाऱ्यांनाही एकमेकांवर चिखलफेक केल्यावाचून गत्यंतर नसे. त्यातून ठाण्याच्या जिल्हा न्यायाधीशांनी हुकूम दिला, तरी मुंबई उच्च न्यायालयाने तो कायम करेपर्यंत त्यास अर्थ नसे.

इंग्लंडने १९२३ मध्येच पती-पत्नींसाठी व्यभिचाराचे कारण समान केले. आपल्याकडे विधी आयोगाने १९६० पासून अहवालांमागून अहवाल दिले, १९६२ चे विधेयक तर लोकसभेच्या विसर्जनाबरोबर लयास गेले. कठोर कायदा म्हणजे विवाहाचे रक्षण, असे आपल्यातील पुष्कळांना तेव्हा वाटे. आम्हांस ते पटत नाही. मोडलेले घर त्याने जोडले नाही. फक्त मार खाणाऱ्या स्त्रीचा मार्ग अडविला.

अखेर मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये प्रगती वर्गीस खटल्यात ही विषमता घटनाबाह्य ठरविली आणि उच्च न्यायालयाच्या मंजुरीची अटही अवैध ठरविली. संसदेने २००१ मध्ये कायदाच सुधारला. आता क्रूरता, दोन वर्षांचा परित्याग, व्यभिचार ही कारणे पती-पत्नी दोघांनाही स्वतंत्रपणे उपलब्ध आहेत. कलम १०-अ अन्वये परस्परसंमतीनेही अर्ज करता येतो. त्यासाठी कायद्याने दोन वर्षे विभक्त राहण्याची अट घातली. इतर कायद्यांत ती एका वर्षाची असल्याने केरळ उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती एका वर्षावर आणली. अर्जानंतर किमान सहा महिन्यांनी उभयतांनी पुन्हा संमती द्यावयाची असते. दरम्यान पोटगी, मुलांचा ताबा यांचा निवाडा होतो.

आणि ख्रिस्तसभेचे न्यायपीठ? ते घटस्फोट देतच नाही. विवाहाच्या दिवशी खरी संमती, मोकळे मन, आवश्यक क्षमता होती की नव्हती, एवढेच ते पाहते. गंमत अशी की येथेही दुहेरी मंजुरीचा नियम होता. पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी १७४१ मध्ये घातलेली ही अट, दोन न्यायपीठांचे एकमत हवे ही, पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये काढली. संसदेपेक्षा आपण चौदा वर्षे मागे राहिलो, हे मान्य करावे लागेल.

पण एका न्यायपीठाचा निर्णय दुसऱ्यास बांधत नाही. मॉली जोसेफ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तसे स्पष्ट सांगितले: ख्रिस्तसभेने पहिला विवाह अवैध ठरविला, तरी दिवाणी कायद्याने तो कायमच होता, म्हणून दुसरा विवाह निरर्थक. चर्चच्या निर्णयांना कायदेशीर मान्यता मागणारी याचिकाही २०१७ मध्ये फेटाळली गेली. उलट, न्यायालयाने घटस्फोट दिला म्हणून वेदीसमोर पुन्हा विवाह लावता येत नाही.

त्या भगिनींना आम्ही एका वकिलाकडे पाठविले. पतीचीही संमती होती, त्यामुळे वाद झाला नाही. तरीही तारखा पडत गेल्या, आणि ठरलेले स्थळ तोवर थांबेल की नाही या काळजीने त्यांच्या आईची झोप उडाली. ते थांबले. सुमारे दीड वर्षाने हुकूमनाम्याची प्रत आली, तेव्हाच आम्ही नोंदवही उघडली.