सशाच्या यकृतातील कण : निरीक्षण, नामकरण आणि निदान

रोगाचे कारण दृष्टीस पडणे आणि ते कारण म्हणून ओळखले जाणे, या दोन घटनांत कधी कधी शतकांचे अंतर पडते. पाळीव सशांच्या यकृतरोगाचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे. १६७४ च्या ऑक्टोबरात डेल्फ्ट येथील आंतोनी व्हान लेव्हेनहूक यांनी एका म्हाताऱ्या सशाच्या पित्तात अंडाकृती कण पाहिले व लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्राने कळविले. आयमेरिया श्टीडे या एकपेशीय परोपजीवीची ती कवचबद्ध अवस्था होय, असे क्लिफर्ड डोबेल यांनी १९२२ मध्ये दाखवून दिले.

मधल्या काळात या कणांस जी नावे मिळाली, त्यांत त्या त्या वेळचे निदान दडलेले आहे. टॉमस गॉर्डन हेक या वैद्य-कवीने १८३९ मध्ये त्यांचा संबंध यकृतनलिकांच्या कर्करोगाशी जोडला. इतर काहींनी त्यांस कृमींची अंडी मानले. पुढे ‘सोरोस्पर्म’ हा शब्द त्यांस लागू झाला. खरूज आणि बीज या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून योहानेस म्यूलर यांनी तो १८४१ मध्ये माशांवरील परोपजीवींसाठी बनविला होता. लुडविग श्टीडा यांनी १८६५ मध्ये सशाच्या यकृतातील कणांचे वर्णन केले तेही याच संज्ञेने. त्याच वर्षी लिंडेमान यांनी श्टीडांच्या नावावरून जातिनाम दिले. १८७९ मध्ये लॉइकार्ट यांनी ‘कॉक्सिडियम’, म्हणजे ‘लहान दाणा’, ही संज्ञा योजिली. केवळ आकार सांगणारी ही संज्ञा कोणतेही निदान आधीच गृहीत धरीत नव्हती. कॉक्सिडिओसिस या रोगनामात ती टिकून राहिली.

१८९२ मध्ये रिखार्ड फायफर यांनी सशांच्या अभ्यासातून या जीवाची वाढ दोन ठिकाणी होते हे मांडले : एक आश्रयदात्याच्या शरीरात, दुसरी शरीराबाहेर. विष्ठेवाटे पडलेला ताजा कण संसर्गक्षम नसतो. ओलावा, ऊब व प्राणवायू लाभल्यास काही दिवसांत तो पक्व होतो. सशाची स्वतःची मऊ विष्ठा खाण्याची सवय प्रथमदर्शनी दोषास्पद वाटते. वस्तुतः ती विष्ठा गुदद्वारापासून थेट खाल्ली जात असल्याने तीतील कण पक्व झालेले नसतात. खरा धोका दाटी, ओलसर तळ आणि विष्ठेने दूषित झालेला चारा-पाणी यांत असून, दूध सुटलेली पिले त्यास विशेष बळी पडतात.

जाळीदार तळाचे पिंजरे आणि नित्याची सफाई यांचे मर्म येथे स्पष्ट होते. कवचामुळे नेहमीची जंतुनाशके बहुधा निष्फळ ठरतात. म्हणून कण पक्व होण्यापूर्वीच विष्ठा दूर करणे महत्त्वाचे. ससेपालकाच्या झाडलोटीस शास्त्रीय अर्थ लाभला, तो निरीक्षणानंतर दोन शतकांनी.