मुलीचा पहिला शृंगार : काल आणि आज



"मुलीला पहिली पावडर-लिपस्टिक कधी घ्यावी आणि कोणती घ्यावी ?" हा प्रश्न हल्ली आपल्या प्रत्येक हळदीकुंकवाला निघतो. एक म्हणते, दहावी होईपर्यंत काही नको. दुसरी म्हणते, काळ बदलला, आपण अडवून काय होणार ? दोघींचे ऐकल्यावर मला वाटले, आपल्या आयाआज्यांच्या काळी काय होते ते आधी पाहावे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, परंतु वाचनाची आवड आहे. जे समजले ते आपल्यापुढे ठेवते.

मुलीचा पहिला शृंगार म्हणजे खरे तर तीट. दृष्ट लागू नये म्हणून गालावर काजळाचा ठिपका. पुढे वेणीफणी आली की घरातली फणेरपेटी तिच्या हाती येई. तिच्यात आरसा, फणी, मेणाची डबी आणि कुंकवाचा करंडा. आधी कपाळाला बोटाने मेण लावायचे, मग त्यावर कुंकू टेकवायचे. कुंकू हळदीचेच, हळदीला लिंबाचा रस आणि टाकणखार यांची पुटे दिली की ती लाल होते. सणाला मेंदी, केसांत अबोलीची वेणी. झाला शृंगार.

हे सारे ऐकायला गोड वाटते. पण त्या काळी आठ-दहा वर्षांच्या मुलीचे लग्न होत असे. रमाबाई रानडे यांचे लग्न १८७३ मध्ये झाले, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. आनंदीबाई जोशी तर लग्नात नऊ वर्षांच्या. कुंकू कुमारिकेच्या कपाळीही असेच, पण लग्नानंतर त्याचा अर्थ बदलत असे. ते तिचे न राहता नवऱ्याच्या आयुष्याचे होई. दुर्दैवाने नवरा गेला, तर ज्या पोरीला ते नीट गोल लावताही येत नव्हते, तिचे कपाळ पुसले जाई. म्हणजे फणेरपेटी त्या मुलीला एकच गोष्ट सांगत असे : "तू सुवासिनी हो."

आपल्या मुंबईतच हे न मानणारी एक मुलगी होऊन गेली. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. मोठेपणी त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत, तेव्हा पतीने १८८४ मध्ये हायकोर्टात दावा लावला. १८८७ मध्ये निकाल झाला की, नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करीन असे कळवले. १८८८ मध्ये तडजोड झाली. पुढे त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी बायकांची सेवा केली. १९०४ मध्ये ते पती वारले, तेव्हा मात्र त्यांनी विधवेचे पांढरे लुगडे घेतले, असे सांगतात. कोर्टाला न भ्यायलेली बाईसुद्धा या खुणांतून सुटली नाही, यावरून त्यांचे बळ ध्यानात यावे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने विधवेचे कुंकू पुसण्याची चाल बंद करण्याचा ठराव केला, तो २०२२ च्या मे महिन्यात !

१९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा केले, १९७८ मध्ये ते अठरा झाले. कायद्याने आणि शाळेने मुलीला बालपण मिळाले. आता बारा वर्षांची पोर ना सून, ना सुवासिनी. मग तिने काय लावावे, हा प्रश्न प्रथमच उभा राहिला.

त्याचे उत्तर दुकानांनी दिले. तोवर तोंडाला रंग लावणे हे नाटकवाल्यांचे काम समजत, आणि स्त्रीचा रंग बहुधा बालगंधर्वांसारखे पुरुष लावत. १९३२ मध्ये दुर्गाबाई खोटे 'अयोध्येचा राजा' या बोलपटात आल्या आणि चांगल्या घरची बाईही रंग लावू शकते हे लोकांनी पाहिले. १९४१ मध्ये लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. मुंबईत पाटणवाला यांनी १९१९ मध्ये काढलेला अफगाण स्नो घरोघर पोचला होता. १९५२ मध्ये टाटांनी लॅक्मे काढली. ते नाव म्हणजे आपल्या लक्ष्मीचेच फ्रेंच रूप. परदेशी डब्यांवर जाणारा पैसा देशात राहू लागला, हे चांगलेच झाले.

पण १९७५ मध्ये फेअर ॲण्ड लव्हली आली, आणि डबी दुसरेच सांगू लागली : "तू गोरी हो." सावळ्या मुलीला लग्नाआधीच खोट दाखवून देणारी ही डबी आपण आपल्या हाताने घरात आणली. २०२० मध्ये कंपनीने नावातला 'फेअर' काढून टाकला, पण बाजारातील गोरेपणाचा हव्यास गेला नाही. अकोल्याच्या एका घरातील तिघी मायलेकींना एकच मलम लावून मूत्रपिंडाचा विकार जडला. त्या मलमात पारा आहे, हे आपल्या परळच्या के. ई. एम. रुग्णालयात झालेल्या तपासणीत उघड झाले. २०२३ मध्ये ही बातमी वर्तमानपत्रांत आली होती. पारा त्वचेतून अंगात भिनतो. म्हणून नाव-गाव नसलेली, "आठ दिवसांत गोरे" करणारी डबी मुलीलाच काय, कुणालाच नको.

आता तिसरी डबी आली आहे. आमच्या चाळीतली दहा वर्षांची मुलगी मला म्हणाली, "काकू, हे लावले की सुरकुत्या पडत नाहीत." मी तिच्या पुरीसारख्या गालाकडे पाहतच राहिले ! रेटिनॉल आणि निरनिराळी आम्ले घातलेली ही मलमे वाढत्या वयाच्या बायकांसाठी असतात; कोवळ्या कातडीची त्यांनी आग होते. स्वीडनमधील एका मोठ्या औषधदुकानांच्या साखळीने २०२४ मध्ये ठरवले की, पंधरा वर्षांखालील मुलांना अशी प्रसाधने पालकांच्या संमतीवाचून विकायची नाहीत. ही डबी सांगते : "तू म्हातारी होऊ नकोस." दहाव्या वर्षी !

सुवासिनी हो, गोरी हो, म्हातारी होऊ नकोस. तिन्ही काळांत डबीने मुलीला तिचे वय सोडून पुढे ढकलले. म्हणून माझे सांगणे इतकेच की, किंमत आणि रंग पाहण्याआधी डबी मुलीला काय सांगते ते पाहावे.

चांगली वाटही आपल्याच भागात आहे. १९५९ मध्ये सुधा करमरकर यांनी मुंबईत बालरंगभूमीचे काम सुरू केले. मुले रंग लावून राजकन्या होत, चेटकीण होत, आणि खेळ संपला की तोंड धुऊन घरी जात. शाळेच्या गॅदरिंगला आणि गणपतीतल्या कार्यक्रमांना आपल्या मुली हेच करतात. रंग लावायचा तो खेळासाठी, आणि लावला तसा धुवायचा.

याच बेताने घ्यावयाचे तर पुढील गोष्टी पुरेत. रोजचे म्हणून सौम्य साबण आणि ओठ फुटले तर तूप किंवा साधी व्हॅसलीन. टिकली लहान असावी व रात्री काढावी. टिकलीच्या गोंदातील एका रसायनाने काही बायकांच्या कपाळावर पांढरा डाग पडतो, असे त्वचेचे डॉक्टर सांगतात. उघडा सुरमा डोळ्यांत घालू नये, काही सुरम्यांत शिसे सापडले आहे. काळी मेंदी नको, तिच्यातील केसरंगाच्या रसायनाने हातावर फोड येतात. हिरव्या पाल्याची मेंदी चांगली. लिपस्टिक सणासमारंभापुरती, फिकी, आणि छापील नाव, पत्ता व मुदत असलेली. नवी डबी आधी कोपराच्या आत लावून एक दिवस पाहावे. एकीची लिपस्टिक दुसरीने लावू नये.

आपल्या मंडळाच्या मुलींच्या कार्यक्रमाला एकच लिपस्टिक वीस ओठांवर फिरते, हे आपण सर्वजणी पाहतो. या वर्षीपासून प्रत्येक मुलीसाठी वेगळा कापसाचा बोळा ठेवावा, आणि रंगाच्या पेटीशेजारी खोबरेल तेलाची बाटली. रंग उतरवायला मोठ्या मुलींनी धाकट्यांना शिकवावे. आणि डबीवरचे बारीक अक्षर मुलीकडूनच मोठ्याने वाचून घ्यावे. तिला वाचता येते; त्यासाठीच तर इतक्या जणींनी इतके सोसले.