महारोहिणी आणि रक्ताची साक्ष



हृदयांतून निघून छातीपोटांतून खालीं उतरणारी जी सर्वांत मोठी रक्तवाहिनी, तिला महारोहिणी असें म्हणतात. पोटाच्या भागांत तिची रुंदी सुमारें दोन सेंटिमीटर असते. उतारवय, धूम्रपान आणि रक्ताचा वाढलेला दाब यांमुळें तिची भिंत कोठें तरी सैल पडते, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबला फुगा यावा तसा तेथें फुगवटा येतो. डॉक्टर यालाच ॲन्युरिझम म्हणतात. हा फुगवटा बहुधा दुखत नाहीं. पण एके दिवशीं फुटला, तर बहुतेक रोगी दगावतात. म्हणून या रोगाचा इतिहास हा मुख्यतः एकाच प्रश्नाचा इतिहास आहे : फुटण्यापूर्वीं तो कळावा कसा ?

प्राचीन ग्रीक व रोमन वैद्यांस हातापायांच्या रोहिणींवरील फुगवटे ठाऊक होते. कारण ते डोळ्यांस दिसत व बोटांस लागत. शरीराच्या आंत दडलेला फुगवटा मात्र मृत्यूनंतरच उघड होई. १५५५ च्या सुमारास व्हेसेलियस यानें जर्मनींतील ऑग्सबुर्ग येथें एका जिवंत रोग्याच्या महारोहिणींत फुगवटा असल्याचें निदान केलें. पुढें रोगी वारला, आणि शवविच्छेदनानें तें निदान खरें ठरलें. पण ओळखणें निराळें आणि वांचविणें निराळें. १८१७ सालीं लंडनच्या ॲस्टली कूपर यानें पोटांतील महारोहिणीच दोऱ्यानें बांधण्याचें धाडस केलें. रोगी दोन दिवसही जगला नाहीं.

या इतिहासांतील सर्वांत प्रसिद्ध रोगी म्हणजे आल्बर्ट आइन्स्टाइन. पोटदुखीनें ते अनेक वर्षें त्रस्त होते. १९४८ च्या डिसेंबरांत ब्रुकलिन येथें डॉक्टर रुडॉल्फ निसेन यांनीं त्यांचें पोट उघडलें, तों महारोहिणीवर मोठा फुगवटा दिसला. तो काढण्याची विद्या तेव्हां नव्हती. निसेन यांनीं त्याभोंवतीं सेलोफेन, म्हणजे पुडे गुंडाळावयाचा पारदर्शक कागद, लपेटला. परक्या वस्तूमुळें भोंवतीं चिवट तंतू निर्माण होऊन भिंत बळकट व्हावी, हा त्यांतील हेतु. त्यानंतर आइन्स्टाइन सहा वर्षांहून अधिक जगले. मध्यंतरीं, १९५१ च्या मार्चमध्यें, पॅरिस येथें शार्ल ड्यूबो यांनीं फुगलेला भाग कापून त्या जागीं मृताच्या शरीरांतील रोहिणीचा तुकडा बसविला. १९५५ च्या एप्रिलमध्यें आइन्स्टाइन यांचा फुगवटा फुटूं लागला, तेव्हां शस्त्रक्रियेचा मार्ग त्यांच्यापुढें ठेवण्यांत आला. त्यांनीं शांतपणें नकार दिला. १८ एप्रिलला, वयाच्या ७६ व्या वर्षीं, त्यांचें निधन झालें.

पुढें सोनोग्राफी आली आणि पोट न उघडतां फुगवटा मोजतां येऊं लागला. इंग्लंडांत ६५ ते ७४ वयाच्या सुमारें ६७,८०० पुरुषांचे दोन गट करून एकाच गटास तपासणीसाठीं बोलाविण्यांत आलें. २००२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चार वर्षांत बोलाविलेल्या गटांत या रोगानें ६५ मृत्यु घडले, दुसऱ्या गटांत ११३. आगाऊ कळण्याचें मोल यांत दिसतें.

मग रक्त कशाला तपासावें ? कारण सोनोग्राफी आजची रुंदी सांगते. उद्यां फुगवटा कोणास होईल आणि कोणाचा वेगानें वाढेल, हें सांगत नाहीं. भिंत झिजत असतां मात्र रक्तांत कांहीं खुणा उतरतात. फुगवट्याच्या आंत रक्ताची गुठळी थरांनीं साचते. ती विरघळतां ‘डी-डायमर’ नांवाचे प्रथिनांचे तुकडे रक्तांत येतात, आणि अशा रोग्यांत ते सरासरीनें अधिक आढळतात. भिंतीचे लवचीक तंतू कुरतडणारीं द्रव्येंही प्रथिनेंच होत. अलीकडे अशीं हजारों प्रथिनें थोड्या रक्तांत मोजतां येतात. ब्रिटनच्या एका मोठ्या साठ्यांतील ५४ हजारांहून अधिक लोकांच्या रक्तांत सुमारें २,९०० प्रथिनें मोजल्याचें वृत्त २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. रक्त दिलें तेव्हां जे निरोगी होते, त्यांच्यापैकीं पुढें कोणास कोणता रोग जडला, हें आतां त्या मोजणीशीं ताडून पाहतां येतें.

तथापि साक्षीदार बोलला म्हणजे खटला संपला असें नव्हे. डी-डायमर इजा, जंतुसंसर्ग व गर्भारपण यांतही वाढतो. तंतू कुरतडणाऱ्या द्रव्यांस आवरील अशा आशेनें डॉक्सिसायक्लीन हें औषध दोन वर्षें देऊन पाहिलें. फुगवट्याची वाढ थांबली नाहीं, हें २०२० सालीं स्पष्ट झालें. सोनोग्राफीची जागा घेईल अशी रक्ताची कसोटी अद्याप नाहीं.

आइन्स्टाइन यांनीं शस्त्रक्रिया नाकारली. पण नाकारण्याचा अधिकार त्यांस मिळाला, कारण रोग त्यांस आधीं ठाऊक होता. या रोगानें अकस्मात् गेलेल्या असंख्य माणसांस होय किंवा नाहीं म्हणण्याची वेळच आली नाहीं. रक्ताच्या थेंबांत संशोधक जें शोधीत आहेत, तें हेंच : निर्णय घेण्यापुरता अवधि.