पाठ आणि परवाना

आजच्या अहिल्यानगर, पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील नेवासे येथे शके 1212 (इ.स. 1290) मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. पुढे नकलाकारांच्या हातून तिचा पाठ इतका बिघडला की शके 1506 (इ.स. 1584) मध्ये एकनाथांना तो शुद्ध करावा लागला. शेवटी त्यांनी ताकीद दिली: या पाठात कोणी आपली मराठी ओवी घालू नये, घातली तर ती अमृताच्या ताटातील नरोटी ठरेल. ही ताकीद आम्ही आजवर भक्तिभावानेच वाचत आलो. परवान्याची अट म्हणून ती वाचावी, असे अलीकडे वाटू लागले आहे.

संगणकांनी एकमेकांशी कसे बोलावे, याचे नियम 'आरएफसी' नावाच्या खुल्या संहितांत लिहिलेले असतात. त्या वाचून कोणी स्वतःची आज्ञावली लिहिली, तर परवाना कोणाचा घ्यावा? व्यापार करारांतील 1994 च्या 'ट्रिप्स' तरतुदींनुसार स्वामित्वहक्क अभिव्यक्तीला असतो, कार्यपद्धतीला नव्हे. पद्धत उचलावी, वाक्ये उचलू नयेत. संहितेतली वाक्ये मात्र आज्ञावलीत टिपा म्हणून डकवली की प्रश्न उभा राहतो. 2008 च्या आरएफसी 5378 नंतरच्या व्यवस्थेत संहितेतील नमुना आज्ञावली 'बीएसडी' परवान्याने बदलून वापरता येते. भोवतालचे गद्य बदलून प्रसिद्ध करण्याची सर्वसाधारण मुभा नाही. एवढ्यासाठी 'डेबियन'च्या काटेकोर मंडळींनी या संहिता अमुक्त विभागात टाकल्या. नरोटी ठेवू देत नाहीत म्हणून ताटच पंक्तीबाहेर! पेटंटाचा हक्क आणखी वेगळा. भारत सरकारच्या 2010 च्या खुल्या मानकांच्या धोरणाने तो मानधनाविना मिळावा, अशी अट घातली.

एकनाथांच्या ताकिदीने पाठ बांधला, अर्थ नव्हे. भागवताच्या एकादश स्कंधावर त्यांनी स्वतः स्वतंत्र ग्रंथ रचला. गीतेवर पुढे वामन पंडितांनी 'यथार्थदीपिका' लिहिली, विनोबांनी 'गीताई'. कोणालाही ज्ञानेश्वरीत ओवी घुसडावी लागली नाही.

एका बाबतीत मात्र संगणकवाले अधिक दक्ष निघाले. प्रसिद्ध झालेली आरएफसी बदलत नाही. सुधारणा नव्या क्रमांकाने येते आणि जुनी संहिता जागेवर राहते. एकनाथांनी कोणते पाठ गाळले, याची नोंद त्यांच्या प्रतीत नाही. राजवाड्यांनी 1909 मध्ये एकनाथपूर्व म्हणून एक ज्ञानेश्वरी छापली, तेव्हा तिच्या अस्सलपणाचा वाद पेटला तो याच रिकाम्या जागेवरून.